पातळ थरांतला ऑक्सिजन

चुंबकीय मुद्रणासाठी, म्हणजे टेप किंवा हार्ड डिस्कवर माहिती नोंदवण्यासाठी, बनवलेल्या कोबाल्टच्या मिश्रधातूंच्या पातळ थरांवर ऑक्साइड दिसले की नमुना बिघडला, असे धरून चालण्याची सवय पुण्यातल्या आमच्या प्रयोगशाळेतही आहे. मला ते अर्धेच पटते. ऑक्साइड किती आहे यापेक्षा ते नेमके कोठे आहे, हे आधी विचारायला हवे.

पृष्ठभागावर ते नकोच. चुंबकीय थर दहा-वीस नॅनोमीटरचा असेल आणि त्यातले वरचे दोन नॅनोमीटर ऑक्सिडाइज झाले, तर संकेत देणारे द्रव्य तेवढे घटते, शिवाय उरलेले द्रव्य संकेत वाचणाऱ्या हेडपासून दूरही जाते, कारण कोबाल्ट मोनॉक्साइड नेहमीच्या तापमानाला चुंबकीयदृष्ट्या निकामी असते. मिश्रधातूतले क्रोमियम ऑक्सिजनला अधिक ओढून घेते आणि त्याचे दाट ऑक्साइड खालच्या कोबाल्टला बऱ्यापैकी सांभाळते. डिस्कवर त्याशिवाय कार्बनचे कवच असते, पण त्याला सूक्ष्म छिद्रे राहिली, तर दमट हवेत तेथूनच कोबाल्ट गंजू लागते. म्हणून पावसाळ्यात कवच नसलेले नमुने डेसिकेटरबाहेर (ओलावा शोषून घेणाऱ्या बंद भांड्याबाहेर) ठेवू नयेत.

एक्सपीएसमध्ये (क्ष-किरणांनी बाहेर पडलेल्या इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जेवरून पृष्ठभागावरची द्रव्ये ओळखण्याच्या पद्धतीत) धातुरूप कोबाल्टचे शिखर 778 इलेक्ट्रॉन-व्होल्टजवळ येते, तर मोनॉक्साइडचे 780 च्या आसपास, आणि 786 च्या सुमारास दिसणारे उपशिखर त्याची ओळख पक्की करते. खोलीचा अंदाज घेण्यासाठी आर्गॉनच्या आयनांनी थर खरवडत जाण्याची पद्धत रूढ आहे. पण त्या माऱ्यानेच काही ऑक्साइडे क्षपित होतात, म्हणजे ऑक्सिजन गमावतात, त्यामुळे इतक्या पातळ थरासाठी नमुना तिरपा करून मोजणे मला अधिक विश्वासार्ह वाटते.

थर ज्या सूक्ष्म कणांचा बनलेला असतो, त्यांच्यामधल्या फटींत मात्र हाच ऑक्सिजन हवासा असतो. हाय-8 व्हिडिओ कॅसेटच्या बाष्पित धातूच्या टेपसाठी कोबाल्ट-निकेल तिरप्या दिशेने बसवताना निर्वात कक्षात मुद्दाम ऑक्सिजन सोडत. स्तंभासारख्या कणांभोवती ऑक्साइड तयार होऊन त्यांच्यातली चुंबकीय जवळीक तुटे आणि निग्राहिता, म्हणजे चुंबकत्व उलटवायला लागणारे क्षेत्र, वाढे. पुढे लंब मुद्रणाच्या (पृष्ठभागाला काटकोनात चुंबकन करणाऱ्या) डिस्कमध्येही कोबाल्ट-क्रोमियम-प्लॅटिनमचे कण सिलिकॉन डायऑक्साइडसारख्या ऑक्साइडने वेगळे राखले गेले.

एक्सपीएसचा ठिपका या कणांच्या हजारो पट मोठा असल्यामुळे वरचे ऑक्साइड कोणते आणि कणांमधले कोणते, हे केवळ त्याच्या आलेखावरून ठरत नाही. त्यासाठी छेद घेऊन तो पारगामी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा लागतो, आणि सोबत हिस्टेरिसिसचे, म्हणजे बदलत्या क्षेत्रामागे चुंबकत्व कसे रेंगाळते याचे, मापनही हवे.