शिशाच्या पट्ट्या बदलताना

आमचं इंग्लंडमधल्या यॉर्कचं घर 1930च्या दशकातलं. त्या काळच्या इथल्या पुष्कळ घरांसारखं पुढच्या दारात रंगीत काचांचं तावदान. काचा ठणठणीत, पण तावदानाला पोट सुटलेलं. बोट लावलं की डुगडुगायचं. सगळ्यांनी सल्ला दिला, दारच बदला. मला पटेना. दोष काचांचा नव्हता, त्यांना जोडणाऱ्या शिशाच्या पट्ट्यांचा होता. शिसं मऊ, ऊन-थंडी सोसून काही दशकांनी सांध्यांपाशी चिरतं. ते बदलायचं असतं. गावातल्याच यॉर्क मिन्स्टर या कॅथेड्रलची पूर्वेकडची प्रचंड खिडकी जॉन थॉर्नटनने 1405 ते 1408 मध्ये घडवली. तिच्या 311 तावदानांच्या दुरुस्तीचं काम 2018ला संपलं. ती काच सहाशे वर्षं टिकते, तर आमची का नाही?

रंगीत काचकामाच्या संध्याकाळच्या वर्गात नाव घातलं. शिकवणारे निवृत्त कारागीर, त्यांना घरी आम्ही ‘मास्तर’च म्हणतो.

तावदान सोडवण्याआधी त्यावर कागद पसरून मेणाच्या खडूने घासलं. शिशाच्या रेषा उमटल्या, तोच नकाशा. सोडवलेली प्रत्येक काच त्यावर आपापल्या जागी. जुन्या शिशावरची पांढरी भुकटी मात्र विषारी, म्हणून सगळं ओलं करून, मास्क लावून काम. वर्गात चहा-बिस्किटं बंद, घरी येताच कपडे वेगळे. याबाबत मास्तर फार कडक होते, आणि बरोबरच होते.

नवी पट्टी निवडण्यात सगळ्यात जास्त डोकं गेलं. पट्टीचा छेद इंग्रजी ‘एच’सारखा. दोन्ही खाचांत काचा, मधे पातळ भिंत, तिला ‘हार्ट’ म्हणतात. बाहेरून दिसते ती पाकळीची, म्हणजे काचेच्या कडेवर येणाऱ्या चपट्या भागाची रुंदी, म्हणून नवखा माणूस तेवढीच बघून पट्टी घेतो. पण तावदानाचं माप ठरतं ते या भिंतीवर. ती साधारण दीड-पावणेदोन मिलिमीटर. आमच्या तावदानाच्या रुंदीत आठ उभ्या पट्ट्या. भिंत अर्धा मिलिमीटर जाड निघाली तर तावदान चार मिलिमीटरने वाढणार आणि दाराच्या चौकटीत शिरणारच नाही. नवी काच असती तर थोडी घासता आली असती. जुनीला कोण हात लावणार? जुन्या पट्टीचा तुकडा कॅलिपरने मोजला आणि तसाच माल मागवला.

पट्टी वापरण्याआधी ताणायची. एक टोक टेबलावरच्या शिकंजात, दुसरं पकडीत, एक पाय मागे रोवून ओढायचं. वेटोळं सुटतं, पट्टी सरळ आणि किंचित ताठ होते. मग कापणं. सुरी सरळ दाबली तर खाच चेपते. ती डावी-उजवीकडे हलकेच डोलवत खाली न्यावी लागते. तुकडा काचेच्या कडेपेक्षा जरा आखूड ठेवायचा, कारण आडव्या पट्टीची पाकळी त्यावर येणार असते. रचलेलं सरकू नये म्हणून कडेने घोड्याच्या नालेचे खिळे ठोकायचे. ते चपटे असल्याने काचेची कड उडत नाही.

डाख देताना माझे हात थरथरायचे. शिसं 327 अंशांना वितळतं, 60-40 कथील-शिशाचा डाख 190च्या आसपास. सोल्डरिंग आयर्न क्षणभर जास्त टेकवलं की पट्टीच पाघळणार. सांधा तारेच्या ब्रशने चकचकीत करायचा, चरबीच्या मेणबत्तीने पुसायचा, टेकवायचं आणि उचलायचं. छान बसलेला डाख चपट्या नाण्यासारखा दिसतो.

एवढं करूनही तावदान लटपटतच होतं. ताठपणा येतो सिमेंटने: खडूची पूड, जवसाचं तेल, थोडी काजळी. ब्रशने ते पाकळ्यांखाली कोंबायचं, पाकळ्या दाबून बसवायच्या, वरून कोरडी पूड टाकून घासायचं. हे अतिशय घाणेरडं काम आहे, नखांतली काजळी आठवडाभर निघत नाही. पण घासता घासता शिसं आपोआप काळं तुकतुकीत होतं.

वाळायला आडवंच ठेवलं. चौकटीत ते सहज बसलं, चारी बाजूंना पुट्टीपुरती फट राखून. काढलेलं शिसं भंगारवाल्याने वजनावर घेतलं. आलेल्या पैशांत मेणबत्तीचा खर्च निघाला, डाखाचा नाही.