आमची वाटचाल : बाळहिरडा, घोडेगाव ते दुबई

आमचा धंदा हिरड्याचा. भीमाशंकरच्या डोंगररांगेत, आंबेगाव-जुन्नरच्या पश्चिम पट्ट्यात महादेव कोळी कुटुंबं उन्हाळ्यात कोवळी फळं उतरवून वाळवतात. तो बाळहिरडा घेऊन आम्ही निवडतो आणि औषधवाल्यांना पाठवतो. पिकलेला मोठा हिरडा चामडं कमावायला जातो. वडिलांच्या काळात सगळा माल मुंबईच्या व्यापाऱ्याकडे जाई. निर्यात आम्ही भावांनी सुरू केली.

१ मे २०२२ ला भारताचा संयुक्त अरब अमिरातींबरोबरचा (दुबई त्यातच येते) व्यापार करार लागू झाला. तिथे बहुतेक मालावर ५ टक्के आयात शुल्क असतं. आपल्या निर्यातीपैकी मूल्याने सुमारे ९० टक्के मालाला पहिल्याच दिवसापासून शुल्कमाफी मिळाली. पण शुल्क भरतो तिथला आयातदार, त्यामुळे वाचतं तेही त्याचंच. छोट्या निर्यातदाराने हे ओळखून भाव मागायलाच हवा. आम्ही मागितला, दुबईच्या खरेदीदाराने निम्मी बचत भावात दिली. ती आम्ही हिरडा आणणाऱ्यांच्या दरात घातली. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजाची, म्हणजे हिरड्यासारख्या लाकूड सोडून जंगलातून मिळणाऱ्या मालाची, मालकी त्यांची आहे, तेव्हा वाढीवर पहिला हक्क त्यांचाच, असं आम्ही मानतो.

सवलतीसाठी सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन, म्हणजे माल कुठल्या देशाचा हे सांगणारा दाखला, लागतं. इथेच उगवलेला, इथेच तोडलेला माल संपूर्ण भारतीय ठरतो; कारखान्याच्या मालासारखी मूल्यवर्धनाची टक्केवारी काढावी लागत नाही. अर्जही ऑनलाइन होतो. खरं काम त्याआधीचं. आमचं एकेक पोतं चार-पाच घरच्या मालाने भरतं, आणि कुणी पडताळणी मागितली तर कुठला माल कुठल्या गावचा, हे दाखवता आलं पाहिजे. म्हणून पोत्यावर गावाचं नाव, घरटी खरेदीची पावती, लागेल तिथे वनखात्याचा वाहतूक परवाना. हा हिशोब वहिनी सांभाळतात. त्यांनी वही तपासल्याशिवाय न्हावा शेव्याला गाडी निघत नाही.

हीच पोती थेट सौदीला गेली तर दुबईचा करार उपयोगी पडत नाही. युरोपात कच्च्या हिरड्यापेक्षा अर्काला भाव चांगला, म्हणून आता अर्काची तयारी चालू आहे. स्वित्झर्लंडने १ जानेवारी २०२४ पासून औद्योगिक मालावरचं आयात शुल्क सगळ्याच देशांसाठी काढलं. त्यामुळे १ ऑक्टोबर २०२५ ला लागू झालेल्या एफ्टा कराराने (स्वित्झर्लंड, नॉर्वे, आइसलँड आणि लिश्टेनश्टाइन या देशांच्या गटाशी भारताचा व्यापार करार) चामडं कमावायच्या अर्कावर आम्हाला शुल्काची नवी सूट मिळाली नाही. तिथे आम्हाला दर्जावरच गिऱ्हाईक मिळवायचं आहे, आणि पहिले नमुने तपासणीला गेले आहेत.