राव नदीतलं इंजिन

अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात, आमच्या युजीन शहराहून दक्षिणेला गाडीने अर्ध्या तासावर कॉटेज ग्रोव्ह नावाचं लहानसं गाव आहे. तिथल्या नदीचं नाव पाटीवर वाचलं तर 'रो' वाटतं, पण गावकरी म्हणतात 'राव'. इंग्रजीत 'राव' म्हणजे भांडण; गुरांच्या चराईवरून दोघांत भांडण जुंपलं, त्यावरून पडलेलं नाव. 'काय राव!' म्हणून मी एकटाच हसलो. बरोबरच्यांना विनोद समजावून सांगणं अवघड होतं.

या नदीत २३ जुलै १९२६ ला मूकपटांतला विनोदी नट आणि दिग्दर्शक बस्टर कीटनने एक खरंखुरं रेल्वे इंजिन पाडलं. त्याच्या 'द जनरल' या सिनेमाचं शूटिंग होतं. गोष्ट १८६२ सालची, अमेरिकन यादवी युद्धातली, जॉर्जियाकडची. पण जुन्या काळातले वाटतील असे रूळ आणि इंजिनं मिळाली ती ओरेगनच्या या लाकूडतोडीच्या मुलखात. सैनिक म्हणून इथलेच नॅशनल गार्डचे, म्हणजे राज्याच्या राखीव सैन्याचे, जवान घेतले. तीच माणसं आधी उत्तरेच्या निळ्या गणवेशात एका बाजूने धावायची, मग दक्षिणेच्या करड्या गणवेशात दुसऱ्या बाजूने. आपल्याकडे जत्रेतल्या नाटकात एकच नट राजा आणि शिपाई दोन्ही होतो, तसंच!

इंजिन पडण्याचं दृश्य दुसऱ्यांदा घेणं शक्यच नव्हतं. पूल जळतोय, इंजिन मध्यावर येतं, लाकडं मोडतात आणि सगळं धूड पाण्यात. या एका दृश्याला बेचाळीस हजार डॉलर लागले असं सांगतात. पडद्यावर मात्र मला सर्वांत आवडतो तो नंतरचा क्षण: पुढे जायचा हुकूम देणाऱ्या सेनाधिकाऱ्याचा चेहरा. एवढा खर्च केला तो त्या बापड्याच्या चेहऱ्यासाठी, असं मला दर वेळी वाटतं.

कीटन स्वतः मात्र हसत नाही. आई-वडील गावोगाव खेळ करणारे, आणि वडील या पोराला स्टेजवर अक्षरशः फेकायचे. धरायला सोपं जावं म्हणून त्याच्या कपड्यांना बॅगेची मूठ शिवलेली असे. आपण हसलो तर लोक कमी हसतात, हे त्याला तेव्हाच कळलं होतं. पुढे १९२४ मध्ये एका शूटिंगला पाण्याच्या लोंढ्याखाली सापडून त्याच्या मानेचं हाड मोडलं. ते कळलं कित्येक वर्षांनी, डॉक्टरांनी एक्स-रे काढला तेव्हा.

'द जनरल' तिकीटबारीवर पडला. १९२८ मध्ये कीटन एमजीएम या बड्या सिनेमा कंपनीकडे नोकरीला लागला. स्वतःच्या मनाने काम करणाऱ्या या माणसाला तिथे दुसऱ्यांनी लिहिलेलं करावं लागलं. दारू वाढली, १९३३ मध्ये नोकरी गेली. काही वर्षांनी त्याच कंपनीत तो इतरांच्या सिनेमांसाठी विनोद सुचवत बसला. मानद ऑस्कर मिळालं १९६० मध्ये.

जुन्या रेल्वेमार्गावर आता सायकलची वाट आहे. गावात एका भिंतीवर कीटनचं भलंमोठं चित्र आहे. पुलाच्या जागी पाहण्यासारखं काही नाही: झाडी, दगड, थंड पाणी.

आईला व्हिडिओ कॉलवर आधी ते दृश्य दाखवलं, मग ही नदी.

"आणि इंजिन कुठंय?"

"बरीच वर्षं इथंच पडून होतं. दुसऱ्या महायुद्धात भंगारात गेलं."

"चांगला भाव आला असेल," आई म्हणाली.