पाइनचं लाकूड रडतं

गोव्यातल्या वेर्ण्याच्या एका गोदामातून चार जुनी पॅलेटं आणली, पुस्तकांसाठी मांडणी करायची म्हणून. आयात मालाखाली असतात त्या पाइनच्या लाकडी चौकटी. प्रत्येकावर गव्हाच्या ओंबीचा शिक्का आणि ‘एचटी’ ही अक्षरं. कीड सोबत येऊ नये म्हणून लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंशांवर ३० मिनिटं तापवलेलं असतं, त्याची ती खूण.

एवढं तापवूनही मेस्तानं, म्हणजे सुतारानं, करवत लावली आणि अख्खं अंगण टर्पेंटाइनच्या वासानं भरून गेलं. एका गाठीतून मधासारखा थेंब वर आला. मेस्त म्हणाला, “हें लांकूड रडटा, बाय.”

मी तीस वर्षं फळ्यावर दहा कार्बन, सोळा हायड्रोजन लिहिलं. अल्फा-पाइनीन. टर्पेंटाइनमधला एक मुख्य घटक. पण तो कुठे असतो, हे मुलांना दाखवायला माझ्याजवळ कधी काही नव्हतं. पाइन, स्प्रूससारखी झाडं ही द्रव्यं राळेच्या नळ्यांत साठवून ठेवतात. उभ्या झाडातून ती हळूहळू झिरपतात. झाड पाडलं की नळ्या उघड्या पडतात. मग खुंट, छाटलेल्या फांद्या, भुसा, सगळंच ती हवेत सोडत राहतं. तोडीनंतर लगेच सर्वांत जास्त, आणि ऊन वाढेल तसं आणखी.

हवेत गेल्यावर ओझोनशी गाठ पडते आणि काही तासांतच त्यांचे अतिसूक्ष्म कण होतात. डोंगरांवरचं निळसर धुकं याच वनस्पतींच्या वाफांमुळे असावं, असं वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रिट्स वेंट यांनी १९६० साली मांडलं होतं. त्यात गाड्यांचा धूर मिसळला की जमिनीलगत ओझोनही तयार होतो. (पाइनच्या वासाची फवारणी करून ‘शुद्ध हवा’ विकणाऱ्यांना हे कुणीतरी सांगा.)

पणजीत मिरामारच्या किनाऱ्यावर आलेले पाहुणे सुरूच्या बनात फोटो काढून ‘पाइन फॉरेस्ट’ लिहितात. सुरू सूचिपर्णी नाहीच. त्या सुया म्हणजे सांधे असलेल्या बारीक काड्या, खरी पानं सांध्याशी खवल्यांएवढी. पावसाळ्यात आडवा झालेला सुरू कापताना मी जवळ उभी होते, असला वास आला नव्हता.

आज चौथा दिवस. भुसा मी केळीच्या बुंध्याशी टाकलाय. सकाळी काही जाणवत नाही. दुपारी दीडला खिडकी बंद करावी लागते.