मनरोव्हियाहून: सत्तर डॉलर आणि आपली आशादीदी

महिन्याला सत्तर डॉलर. पश्चिम आफ्रिकेतल्या लायबेरियात दवाखान्यापासून पाच किलोमीटरपेक्षा लांब असलेल्या गावातल्या आरोग्य सहायकाचा हा बांधलेला पगार. पेशंट कमी आले म्हणून तो घटत नाही. पैसे मोबाइलवर येतात, कधी वेळेवर, कधी रखडत. औषधसाठ्याच्या नोंदी बघायला रिव्हरसेसकडच्या एका गावात गेले होते, तिथल्या सहायकाने हे अगदी सहज सांगितलं. रस्त्यातला लाल चिखल, अडकलेली जीप वगैरे तुम्ही गृहीत धरा. माझ्या डोक्यात तो पगारच घुमतोय.

या माणसाकडे जास्तीत जास्त साडेतीनशे लोक. पेटीत मलेरियाची झटपट तपासणी, त्याच्या गोळ्या, अमॉक्सिसिलिन, ओआरएस, झिंक आणि बाळाचा दंड मोजायची रंगीत पट्टी. पाच वर्षांखालच्या पोरांचा मलेरिया, न्यूमोनिया, जुलाब तो गावातच सांभाळतो, हाताबाहेर गेलं की खाली दवाखान्यात पाठवतो. त्याच्यावर एक नर्स असते. ती मोटरसायकलवरून येते, रजिस्टर बघते आणि मग त्याच रजिस्टरमधल्या घरी जाऊन विचारते, खरंच आला होता का हा? मला या दुसऱ्या भागाचं फार कौतुक वाटलं. आपल्याकडे देखरेख म्हणजे बहुतेक वेळा मीटिंग आणि चहा.

हे कुठल्या देशात? जिथे 1989 पासून 2003 पर्यंत, मधली थोडी वर्षं सोडली तर, लढाईच चालली होती. ती थांबली तेव्हा देशभरात डॉक्टर उरले पन्नासच्या आसपास आणि बहुतेक दवाखाने परदेशी संस्था चालवत होत्या. पुन्हा घडी बसतेय तोवर 2014 मध्ये इबोला आला. दहा हजारांवर केसेस, चार हजार आठशेच्या वर मृत्यू, त्यात जवळपास एकशे नव्वद आरोग्य कर्मचारी. लोक दवाखान्यात जायचेच बंद झाले. बाहेरून आलेल्या, संरक्षक सूटवाल्या माणसांवर कुणाचा विश्वास नव्हता, गावातल्याच ओळखीच्या माणसावर होता. त्याआधी असे स्वयंसेवक होते, पण फुकटात, आणि फुकटातला माणूस शेतीच्या दिवसांत शेतावरच असणार. 2016 मध्ये सरकारने सरळ पगारी योजना आणली. अजूनही इथे ऑफिसांच्या दारात नळ लावलेली बादली असते, हात धुतल्याशिवाय आत सोडत नाहीत. (कचऱ्याबद्दल मात्र मी इथल्यांना सुनावते. इंदूरकरांना तेवढा हक्क आहे.)

या योजनेमागे ज्यांचा हात आहे त्यांत आपलं एक नाव आहे, राज पंजाबी. आईवडील भारतातून इथे आलेले, जन्म मनरोव्हियाचा. 1990 मध्ये नऊ वर्षांचा असताना घरच्यांबरोबर जीव घेऊन पळाला, अमेरिकेत डॉक्टर झाला, परत आला, 2007 मध्ये त्याने साथीदारांबरोबर ‘लास्ट माइल हेल्थ’ उभी केली. मी हे इथल्या ऑफिसात गरजेपेक्षा जास्त वेळा सांगते.

आता आपलं. इंदूरच्या रामबागेतल्या आमच्या घरी पोळ्या करायला येणाऱ्या मावशींची सून आशा कार्यकर्ती आहे. सर्व्हे, लसीकरण, पोलिओचा रविवार, टीबीच्या गोळ्या, रात्री दोनला कळा सुरू झाल्या तर तिचाच फोन वाजतो. कागदोपत्री मात्र ती स्वयंसेविका. थोडं मानधन, बाकी कामागणिक पैसे. सहायकांना असे केवळ किंवा मुख्यतः कामागणिक पैसे देऊ नका, असं जागतिक आरोग्य संघटनेने 2018 मध्ये सुचवलं. त्याच संघटनेने 2022 मध्ये आपल्या दहा लाख आशांचा सत्कार केला. पुरस्कार आमच्याकडे, पगार यांच्याकडे.

ऑफिसातल्या एका युरोपियन साहेबाने नेमकं हेच मला ऐकवलं, जेवताना. मी भडकले. म्हटलं, तुमचे सहायक चार हजार, आमच्या आशा दहा लाख, आधी शून्यं मोजा. वर हे पैसे कुणाचे? बरेचसे परक्यांचे. 2025 च्या जानेवारीत अमेरिकेने मदत थांबवली तेव्हा इथल्या आरोग्य खात्याची झोप उडाली होती. आमची आशा निदान आमच्या पैशावर उभी आहे. हे बोलून झाल्यावर मला फार बरं वाटलं, हे लपवत नाही. माझा स्वतःचा पगारही परक्याच पैशातून येतो, हे मात्र जेवणात निघालं नाही.

आणखी एक हत्यार माझ्याकडे होतं, तेही काढलं. इथले सहायक बहुतेक पुरुष आहेत. बाईला प्राधान्य द्या असं धोरणात आहे, पण लिहिता-वाचता येणं सक्तीचं, आणि लढाईच्या काळात आतल्या गावांतल्या मुली शाळेत गेल्या कुठे? पगारी नोकरी, ती बाप्याचीच झाली. आपल्या आशा तरी सगळ्या बायका आहेत. साहेब म्हणाला, फुकट आहे म्हणूनच ना? त्यावर मी पाम बटरचं वाडगं पुढे ओढलं.

रविवारी घरी फोन केला तेव्हा मावशींची सून तिथेच होती. कसं चाललंय विचारलं. म्हणाली, ताई, या महिन्यात दोन डिलिव्हऱ्या प्रायव्हेटला गेल्या, नऊ महिने मीच फिरवलं त्यांना, पण पैसे गेले. मी तिला सत्तर डॉलरचं सांगितलं. रुपयात किती होतात ते तिने माझ्या आईकडून काढून घेतलं, मग विचारलं, बायांना ठेवतात का तिकडे?

नियमात तर आहे, म्हटलं.