आधी ब्रेक, मग पिकअप : उद्यमनगरातल्या आमच्या वर्कशॉपची वाटचाल

वडिलांचा धंदा गाड्यांचा नव्हता, लेथचा होता. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातल्या आमच्या गाळ्यात ऑइल इंजिनाचे जॉब यायचे. क्रँक ग्राइंडिंग, सिलिंडरला बोअर मारणं, लायनर ठोकणं, हेड फेसिंग. उसाला पाणी पाजायच्या ऐन दिवसांत इंजिन बसलं की शेतकरी ते धूड टेम्पोत घालून थेट दारात उभा. वडिलांना सगळे अण्णा म्हणत. अण्णा आधी मायक्रोमीटर काढायचे, चार ठिकाणी माप घ्यायचे, खडूने ते सिलिंडरवरच लिहायचे आणि मग काय करायचं ते बोलायचे. शेतकरी घाईत असला तरी तोवर चहा पीत बसायचा.

नव्वदच्या दशकात ऑइल इंजिनांच्या जोडीला मारुती ८०० ची तापून वाकलेली अॅल्युमिनियमची हेडं यायला लागली. १९९३ मध्ये झेन आली, पाठोपाठ एस्टीम. मी आयटीआय करून काही वर्षं पुण्यात एका कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला काढली आणि परत येऊन अण्णांच्या गाळ्याला लागूनच पत्र्याचं शेड टाकलं. नव्या गाड्या कंपनीकडे जात, आमच्याकडे यायच्या त्या वॉरंटी संपलेल्या. झेन, एस्टीम, फोर्ड आयकॉन, पालिओ, जुनी होंडा सिटी. चालवायला मजा येणाऱ्या गाड्या आणि त्यांच्यावर जीव टाकणारे मालक, दोन्ही एकदमच वाट्याला आले.

कोल्हापूरला गाडीचा नाद जुना आहे. मोहिते रेसिंग अकॅडमीच्या कार्टिंग ट्रॅकने तर एका आख्ख्या पिढीला स्टेअरिंगचं वेड लावलं. त्यामुळे शेडमध्ये येणाऱ्या दहातल्या सहा पोरांचं म्हणणं एकच : "भावा, पिकअप वाढवून दे, खर्चाचं बघू नको." खर्चाचं बघू नको म्हणणाऱ्याचं बजेट किती असतं, हे धंद्यातल्या कुणालाही सांगायला नको.

आमच्या धंद्याला वळण मिळालं ते एका साध्या निर्णयाने. गाडी तपासायचे वेगळे पैसे घ्यायचे आणि तपासणी झाल्याशिवाय कुठलाही पार्ट विकायचा नाही. सुरुवातीला लोक हसले. "बघायचे पण पैसे? डॉक्टर झालास काय?" कोपऱ्यावरच्या गॅरेजमध्ये बॉनेट फुकट उघडतं, हे खरंच होतं. पण ज्याचं पोट पार्टच्या मार्जिनवर चालतं, त्याला पार्ट विकावाच लागतो. आम्हाला "याची गरज नाही" म्हणायची सोय हवी होती. अण्णांना यात नवीन काही वाटलं नाही, ते आयुष्यभर मापाचंच खात आले होते.

तपासणी म्हणजे काय, ते एका गाडीवरून सांगतो. पहिल्या पिढीतली पेट्रोल स्विफ्ट, १२९८ सीसी, नवी असताना ८७ बीएचपी. मालक इचलकरंजीचे, यंत्रमागवाले. त्यांना ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, रिमॅप करून (ताकद वाढवायला त्यातलं सेटिंग बदलून) हवा होता, कारण गाडी "ओढत नाही" आणि अॅव्हरेजही पडलेलं. आधी कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमधला दाब, मोजून घेतलं. चार सिलिंडरमध्ये दहा टक्क्यांहून जास्त फरक आला की आम्ही पुढचं बोलणंच थांबवतो, पण इथे चारही जवळजवळ सारखे होते. इंजिन खणखणीत. मग स्कॅनर लावून गाडी रस्त्यावर काढली, तर कूलंटचं तापमान काही केल्या सत्तरच्या वर जाईना. थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन तापेपर्यंत कूलंट अडवून धरणारा व्हॉल्व्ह. त्याचं हाउसिंग उघडलं, आत व्हॉल्व्हच नव्हता. कधीतरी गाडी तापली असणार, कुणा मिस्त्रीने तो काढून फेकला असणार. आपल्याकडे हा उपाय फार लोकप्रिय आहे. गाडी तापायची थांबते, मालक खूश. पण इंजिन अजून गार आहे असं समजून ईसीयू पेट्रोल जास्त सोडत राहतो. प्लग काळे, पेट्रोल जास्त, पिकअप कमी.

थर्मोस्टॅट, चार प्लग, थ्रॉटल बॉडीची सफाई आणि फ्युएल फिल्टर. रिमॅपला लागले असते त्याच्या पासंगालाही न पुरणाऱ्या पैशांत गाडी पुन्हा ओढायला लागली. तसंही टर्बो नसलेल्या पेट्रोल इंजिनात रिमॅपने चार-पाच टक्के हाती लागतात, तेही बाकी सगळं ठीक असेल तर. टर्बो डिझेलची गोष्ट वेगळी. तिथे रिमॅपने ताकद खरंच वाढते, आणि लाखभर किलोमीटर झालेली क्लचप्लेट त्याच महिन्यात घसरायला लागते. क्लच आणि टर्बोचा खर्च मनात धरून कुणी आला तरच आम्ही त्याच्याशी रिमॅपची भाषा करतो.

त्या स्विफ्टचे पैसे मग कुठे गेले? खाली, सस्पेन्शन आणि टायरांत. पुढचे दोन्ही शॉकअप तेल गाळत होते, स्ट्रट माउंट वाजत होते, लोअर आर्मचे बुश चिरले होते. टायरच्या कडेवरच्या चार आकड्यांतले पहिले दोन आठवडा सांगतात आणि शेवटचे दोन वर्ष. या टायरांवर होतं २३१६, म्हणजे २०१६ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी निम्मी शिल्लक, पण रबर नख न रुतण्याइतकं कडक. पावसात असा टायर म्हणजे नुसती पाटी. कंपनीने साध्या मॉडेलला १६५/८० आर १४ दिले होते आणि वरच्या मॉडेलला १८५/७० आर १४. यातला पहिला आकडा टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. दोन्हींच्या बाहेरच्या व्यासात फरक जेमतेम पाच मिलिमीटर. म्हणजे स्पीडोमीटर बिघडत नाही, टायर कुठे घासत नाही आणि रस्त्यावर रबर मात्र दोन सेंटिमीटर जास्त टेकतं. जुन्या गाडीला यापेक्षा किफायतशीर अपग्रेड मला माहीत नाही. आपल्याच गाडीच्या वरच्या मॉडेलला कंपनीने काय दिलं होतं, हे आधी बघा असं मी प्रत्येकाला सांगतो. ते सगळं इंजिनिअर लोकांनी आधीच करून ठेवलेलं असतं.

१७ इंची अलॉय आणि पापडासारखे टायर घालून येणारे असतातच. दिसायला भारी. पण चाकाचं वजन वाढलं की शॉकअपचं काम वाढतं, स्टेअरिंग जड होतं, आणि पावसाळ्यानंतरच्या आपल्या रस्त्यांवर पहिल्याच खड्ड्यात टायरची कड फुगते. गाडी खाली बसवणाऱ्या लोअरिंग स्प्रिंगचं तेच. आमच्या गल्लीतला स्पीडब्रेकर कुठल्या मापात बसवलाय ते बांधणाऱ्यालाच ठाऊक, त्यावर खाली केलेली गाडी चेंबर (इंजिनाखालची ऑइलची टाकी) घासल्याशिवाय जात नाही. स्प्रिंग मूळचे, गॅसचे चांगले शॉकअप जोडीने, बुश सगळे नवे आणि मग अलाइनमेंट, एवढ्यात बहुतेक गाड्या वळणावर अशा बसतात की मालक विचारतो, "इंजिनला काय केलंत?"

पॉलियुरेथेनचे बुश मात्र मी सरसकट बसवत नाही. ते कडक असतात, स्टेअरिंगला धार येते, पण रस्त्याची प्रत्येक खडी ढुंगणाला कळते. रोज घरच्यांना घेऊन फिरणाऱ्याला कंपनीचे रबरी बुशच बरे.

ब्रेकचं बोलायला हवं, कारण आपल्या जिल्ह्यातून कोकणात उतरायचं तर घाट चुकत नाही. गगनबावड्यापुढे करूळ किंवा भुईबावडा, इकडे आंबा, तिकडे फोंडा. पेट्रोल वाचवायला न्यूट्रलवर गाडी सोडणारे लोक आजही आहेत. मग सगळा भार ब्रेकवर येतो, अर्ध्या घाटात पेडल मऊ पडतं आणि मग ते आमच्याकडे मोठ्या डिस्क मागायला येतात. आम्ही आधी ब्रेक ऑइलच्या डबीचं झाकण काढून दाखवतो. आत चहाच्या रंगाचं पाणी. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषत राहतं. डॉट ३ चं नवं ऑइल किमान २०५ अंशाला उकळतं, तेच पाणी शोषल्यावर १४० च्या आसपास. उकळलं की नळीत वाफ आणि पेडल खाली. डॉट ४ ला हेच आकडे २३० आणि १५५ आहेत, आणि दोन्ही एकाच जातीची असल्यामुळे डॉट ३ च्या गाडीत डॉट ४ चालतं. जुनं पूर्ण काढून डॉट ४ भरायचं, दर दोन वर्षांनी बदलायचं. फुगलेल्या रबरी नळ्या बदलायच्या, कॅलिपरच्या पिना साफ करून ग्रीस करायच्या, बऱ्या दर्जाचे पॅड घालायचे. डिस्कला चर पडले असतील आणि जाडी शिल्लक असेल तर फेसिंग आमच्याच लेथवर होतं. मोठी डिस्क या सगळ्यानंतरची गोष्ट, आणि बहुतेकदा तिची वेळच येत नाही.

कोन फिल्टर (हवेचा उघडा, शंकूच्या आकाराचा फिल्टर) आणि फ्री फ्लो, म्हणजे धूर मोकळा सोडणारा, सायलेन्सर आम्ही विकत नाही. उघडा कोन फिल्टर बॉनेटखालची गरम हवा ओढतो, आवाज वाढतो आणि माणसाला ताकद वाढल्यासारखी वाटते. सायलेन्सरच्या आवाजावर पोलीस काय करतात ते पेपरात येतंच. झेनमध्ये एस्टीमचं इंजिन टाकून द्या, अशी मागणीही दर वर्षी येते. काम अवघड नाही. पण मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, आणि कंपनीच्या मूळ स्वरूपाहून वेगळी केलेली गाडी नोंदणीत चालणार नाही, असं २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानेही सांगितलं. उद्या अपघात झाला तर विमावाला पहिला प्रश्न हाच काढणार. पंधरा वर्षांवरच्या गाडीला आधीच पुनर्नोंदणीची कसरत. २०२२ च्या एप्रिलपासून ती फी ६०० वरून ५,००० झाली. त्यात कागदाशी न जुळणारं इंजिन घेऊन आरटीओत कोण उभं राहणार?

२०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचा पूर आला तेव्हा शिरोलीजवळ हायवेच पाण्याखाली होता. पुढचे कित्येक महिने आमच्याकडे अपग्रेडचं काम नव्हतंच, नुसत्या बुडालेल्या गाड्या. ज्यांनी पाणी ओसरल्यावर घाईने स्टार्टर मारला त्यांचे कनेक्टिंग रॉड वाकले, ज्यांनी टो करून आणल्या त्यांची इंजिनं वाचली. त्या काळात आमची पोरं वायरिंगमध्ये तयार झाली. आज एखाद्या जुन्या गाडीची अर्थिंग तपासून, गंजलेले कनेक्टर बदलून आम्ही जो फरक पाडतो, ते शिक्षण त्या पुराचं. २०२१ ला पुन्हा पाणी आलं तेव्हा लोक फोन करून विचारत होते, "चावी फिरवू का नको?" एवढी सुधारणा झाली.

आता नवा विषय इथेनॉलचा. २०२३ पासून वीस टक्क्यांचं पेट्रोल यायला लागलं आणि आता पंपावर बहुतेक तेच मिळतं. आपल्याच जिल्ह्यातल्या उसाचं इथेनॉल, त्यामुळे इथे त्याच्याविरुद्ध बोलायची चोरी. आमचे निम्मे गिऱ्हाईक कारखान्याचे सभासद आहेत! पण जुन्या गाडीला ते सोसवून द्यावं लागतं. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांशाने कमी, म्हणून अॅव्हरेज थोडं पडणारच. कार्ब्युरेटरच्या गाडीत मिश्रण पातळ होतं (हवेच्या मानाने इंधन कमी पडतं), इंधन सोडणारा जेट बदलावा लागतो. जुन्या रबरी नळ्या आणि सील मऊ पडतात, टाकीतला गंज सुटून फिल्टर तुंबतो. त्यामुळे नव्वदच्या दशकातली कुठलीही गाडी आली की इंधनाच्या नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या घालणं, हे आमच्या यादीत ब्रेकच्या बरोबरीने वर गेलंय. पिकअपच्या गप्पा मारायला आलेल्या माणसाला पहिल्या दिवशी नळ्यांचं बिल देणं सोपं नसतं. फुटलेली जुनी नळी हातात दिली की वाद संपतो.

अण्णा आता थकलेत, पण हेडचं काम असलं की खुर्ची टाकून बसतात. गेल्या वर्षी अलाइनमेंटचं मशीन आपलं घेतलं, आधी त्यासाठी गाडी दुसऱ्याकडे पाठवावी लागायची. मार्जिनचा धंदा केला असता तर शेड केव्हाच मोठं झालं असतं, असं हिशेब बघणारी बायको अधूनमधून म्हणते, आणि आकड्यांत तिचं चुकत नाही.

गाडी आणणाऱ्यांना एवढंच सांगणं : सकाळी इंजिन गार असताना या, जुनी बिलं असतील तर सोबत आणा, आणि आम्हाला बरं वाटावं म्हणून इंजिन धुऊन आणू नका. गळती कुठून आहे ते आम्हाला बघायचं असतं.