आईने विचारलं, या साध्या दगडांना मेघडंबरी कशाला?

मॉस्कोचे तीन दिवस मस्त गेले, त्यावर परत कधीतरी लिहीन. आज फक्त सेंट पीटर्सबर्गमधलं ते एक चर्च, म्हणजे खरं तर त्याच्या आतले दगड.

ग्रिबोयेदोव्ह कालव्याच्या काठावर रंगीत कांद्यांसारखे घुमट असलेलं, सगळ्यांच्या फोटोत असतं ना, तेच. नावाचा अर्थ 'सांडलेल्या रक्तावरचा तारणहार'. टूरवाल्यांनी आत ४० मिनिटं दिली होती आणि तिथे सात हजार चौरस मीटरहून जास्त मोझेक, म्हणजे रंगीत तुकडे जोडून केलेली चित्रं, त्यामुळे सगळी गर्दी मोबाइल धरून माना वर करून उभी आणि एकमेकांच्या पायावर पाय. मला अशी गर्दी सहन होत नाही. आईचे गुडघे दुखायला लागले म्हणून कडेला सरकलो तर समोर कठडा, वर जास्पर नावाच्या रंगीत दगडाच्या खांबांची मेघडंबरी आणि खाली फरसबंदीचे साधे, ओबडधोबड दगड. आई म्हणाली, "याला एवढी मेघडंबरी कशाला गं?"

मग तिला तिथेच उभ्याउभ्या सांगितलं. हे दगड कालव्याकाठच्या जुन्या रस्त्याचे, आणि इथेच बॉम्बने घायाळ होऊन पडला तो रशियाचा सम्राट, झार अलेक्झांडर दुसरा. १८५६ मध्ये क्रिमियाचं युद्ध हरल्यावर त्याला कळून चुकलं की माणसं जमिनीला बांधून ठेवून हा देश चालणार नाही, आणि १८६१ मध्ये त्याने दोन कोटींहून जास्त भूदास मोकळे केले. न्यायालयं सुधारली, सैन्यभरतीचे नियम बदलले. पण शेतकऱ्याला मिळाली ती बहुतेक ठिकाणी कसत होता त्यापेक्षा कमी जमीन, आणि तिचेही हप्ते, ४९ वर्षांचे! मला हे फार लागतं. ज्या मातीत बाप-आजा राबले तीच विकत घ्यायची. ते हप्ते माफ झाले ते १९०५ च्या उठावानंतर.

"मग मारलं कोणी त्याला?" आईचा पुढचा प्रश्न.

'नरोदनाया वोल्या' नावाची क्रांतिकारकांची संघटना होती, त्यातल्या पोरापोरींनी. १ मार्च १८८१, तेव्हाच्या रशियन कॅलेंडरप्रमाणे. एकोणीस वर्षांच्या रिसाकोव्हने पहिला बॉम्ब टाकला. झारची बग्गी मजबूत होती, तो वाचला. पण त्याच्यासोबतचा एक कोसॅक, म्हणजे रक्षक स्वार, आणि रस्त्याने टोपली घेऊन चाललेला खाटकाच्या दुकानातला एक पोरगा जखमी होऊन पडले होते. गाडीवान म्हणत होता निघूया, आणि हा खाली उतरला, जखमींना बघायला. तेवढ्यात कठड्याशी उभ्या असलेल्या ग्रिनेवित्स्कीने दुसरा बॉम्ब थेट पायाशी फोडला. झारने त्याच दुपारी राजवाड्यात प्राण सोडला, ग्रिनेवित्स्कीने रात्री, आणि तो टोपलीवाला पोरगाही वाचला नाही.

आई बराच वेळ गप्प. मग म्हणाली, "उतरायलाच नको होतं त्याने." आणि थोड्या वेळाने, "पण पोरगं पडलेलं असताना तसंच कसं निघून जायचं."

मला आतून काहीतरी तुटल्यासारखं झालं. कारण त्याच दिवशी सकाळी झारने निवडून आलेल्या लोकांना कायद्याच्या कामात थोडं का होईना सामील करून घ्यायच्या प्रस्तावाला संमती दिली होती, आणि मुलगा गादीवर आल्यावर ते सगळं बासनात गेलं. कटातले पाच जण फासावर चढले, त्यात सोफिया पेरोव्हस्काया, सत्तावीस वर्षांची, तिचे वडील एकेकाळी याच पीटर्सबर्गचे गव्हर्नर! यातल्या कोणाच्या बाजूने उभं राहायचं ते मला अजूनही ठरवता येत नाही.

गाइडने हाका मारायला सुरुवात केली तेव्हा आम्ही अजून तिथेच होतो. मोझेकचा एकही फोटो काढला नाही. बाहेर आल्यावर आईला दाखवलं, कालव्याचा काठ सगळीकडे सरळ आहे आणि चर्चपाशी तेवढा पाण्यात पुढे आलाय, त्या दगडांचा तुकडा चर्चच्या आत यावा म्हणून भर घालून बांधलंय. ती गुडघे दाबत कठड्याला टेकली आणि म्हणाली, "बस जाऊ दे पुढे, आपण चालत येऊ."